पैलवानाला नऊ

१

कॅसेट चोरीला गेल्याचं मला सोमवारी सकाळी आठ वाजता कळलं, आणि मी मेथी निवडत राहिले. एकट्या माणसाला अख्खी जुडी फार होते, पण भाजीवाली अर्धी देत नाही.

बातमी आणली होती विजयमालानं. ती दारात उभी होती. पाच वर्षांपूर्वी तिनं तमाशाचा फड सोडला आणि राहात्यात शिलाईचं मशीन टाकलं, तरी कुणाच्या घरात शिरताना ती अजून ‘या’ म्हणायची वाट पाहते. मी या म्हटलं.

"बाई, कालची नाचाची कॅसेट गेली. चेतनच्या खोलीतनं. आज सातला केबलवर लावनार हुते."

"बरं," मी म्हणाले.

हल्ली मी सगळ्याला बरंच म्हणते. श्रावणात आमचे हे गेले, त्याला चार महिने झाले. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. गावाला वाटतं बाई खंबीर आहेत. खंबीर कसली, आत काही हलतच नाही. कन्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते, म्हणून चेतननं मला परीक्षक केलं होतं आणि मीही बरं म्हटलं होतं.

चेतन बोठे म्हणजे आमचा केबलवाला. डिशवर त्यानं कुठल्यातरी परदेशी चॅनेलवर नामांकित माणसं जोडीनं नाचताना पाहिली आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. आपल्याकडेही गावातल्या नामांकितांची विलायती नाचाची स्पर्धा घ्यायची. गावानं अट घातली, जोडी एकतर नवरा-बायकोची हवी, नाहीतर सख्ख्या भावंडांची. महिनाभर राहात्यात दुसरा विषय नव्हता.

रविवारी बाजार समितीच्या हॉलमध्ये शेवटची फेरी झाली. तीन जोड्या उरल्या होत्या. बाळंतपणाच्या डॉक्टर आरती आणि त्यांचे यजमान, विजयमाला आणि तिचा ढोलकी वाजवणारा भाऊ रामहरी, आणि जिल्ह्याची गदा आणलेला सहादेव पैलवान व त्याची बायको भागूबाई. तिन्ही जोड्या एकदमच नाचल्या. ओळखू याव्यात म्हणून पुरुषांच्या पाठीवर कापडी नंबर टाचले होते. आम्ही तीन परीक्षक, प्रत्येकाकडे दहा गुण.

निकाल चेतननं तिथंच वाचून दाखवला. पैलवान तेवीस, डॉक्टर वीस, विजयमाला सतरा. हॉलमधल्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं, मग पैलवानाच्या तालमीतल्या पोरांनी गुलाल उधळला. एक-दोन-तीनच्या ठेक्यावर गिरक्या घ्यायचा तो वॉल्ट्झ पैलवान नाचला होता पोतं सरकवल्यासारखा.

घोळ केला होता बन्सीमामा शेजवळांच्या गुणांनी. मामा बावीस वर्षं लष्कराच्या बँडमध्ये होते, नगरच्या कॅम्पात. साहेबलोकांचा नाच जवळून पाहिलेला आमच्या भागातला हा एकच माणूस. त्यांनी पैलवानाला नऊ आणि विजयमालाला चार दिले होते. सोमवारी उजाडेपर्यंत एसटी स्टँडच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहून ठेवलं होतं, ‘मामा विकला गेला.’

"तुमी गनिताच्या," विजयमाला म्हणाली. "शोधा. उद्या अकराला शाळेची मीटिंग हाय."

ते मला माहीत होतं. आमच्या कन्या शाळेला नाच शिकवायला शिक्षिका हवी होती आणि विजयमालानं अर्ज केला होता. तमाशातली बाई मुलींना शिकवणार म्हटल्यावर ट्रस्टी बिचकले. मग त्यांनी ठराव केला की स्पर्धेत जिंकलेल्या जोडीतल्या बाईला विचारायचं. विजयमाला जिंकणार नाही, अशी त्यांना खात्री होती. भागूबाई पाच म्हशी सोडून शाळेत येणार नव्हती, म्हणजे जागा आपोआप रद्द. विजयमालाची जयमाला त्याच शाळेत सातवीत आहे. डबा खाताना मुली तिच्याशेजारी बसत नाहीत.

"तुमी मला सात दिले," विजयमाला म्हणाली.

मी तिघांनाही सात दिले होते. शाळेत पेपर न वाचता गुण द्यायचे असले की आम्ही दहापैकी सात देत असू. हे मी तिला सांगितलं नाही. मेथी तशीच ठेवली आणि चपला घातल्या.

२

चेतनची खोली बँकेच्या वरच्या मजल्यावर होती. कुलूप शाबूत, खिडकीला गज. फळीवर तीसेक कॅसेट, सगळ्या एकसारख्या काळ्या, एकीवरही नाव नाही.

"चोराला नेमकी तीच कशी सापडली?" मी विचारलं.

"तेच तर बाई." चेतननं कपाळ पुसलं. डिसेंबरात त्याला घाम आला होता. "किल्ली खाली पानवाल्याकडं असते. सकाळी रामहरी ढोलकी न्यायला आला होता. पैलवानाची माणसं हाराचं विचारायला आली होती. कुणाचं नाव घेऊ?"

"तू ती कॅसेट पाहिलीस?"

"कधी पाहणार? काल नाच सुरू झाला आणि लाईट गेली. कॅमेरा बॅटरीवर लावून मी मागं जनरेटरशी झटत बसलो. आत आलो तेव्हा सगळं संपलेलं. तुमचे कागद घेतले, बेरीज केली आणि वाचलं."

"कागद तूच तयार केले होतेस?"

"शनिवारी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हाच टाईप करून घेतले. नंबर, पुढं नाव, पुढं गुणांचा चौकोन." त्यानं तिन्ही कागद माझ्यापुढे ठेवले. एक डॉक्टर, दोन विजयमाला, तीन सहादेव. मामांचे आकडे ठसठशीत होते, खाडाखोड नव्हती. सहा, चार, नऊ.

मी निघाले तेव्हा तो उगाचच बोलत राहिला. "पैलवानाची जिद्द मात्र मानली पाहिजे. पाठीवरचा दोन सुटून एका टाक्यावर लोंबत होता, तरी गडी थांबला नाही."

मी बरं म्हटलं आणि जिना उतरले. एरवी मी तिथंच वळले असते. पण त्या दिवसांत कानात शिरलेलं डोक्यात पोचायला वेळ लागायचा.

३

सहादेव पैलवानाच्या ओट्यावर हारांचा ढीग पडला होता. दुपारी कारखान्याच्या कामगारांकडून सत्कार होता. पैलवान मात्र सुतकात बसल्यासारखा बसला होता.

"मामांना पैसं दिलं म्हनत्यात," तो म्हणाला. "आईशपथ बाई, मी त्या मानसाशी बोललोसुदिक न्हाई."

"मग नऊ कसे पडले?"

"मला बी तेच कळंना. ही पायावर पाय दीत हुती."

"मी का तुमी?" भागूबाई आतून म्हणाली. तिनं ताटलीत तीन करंज्या आणून ठेवल्या. पैलवानानं ताटलीकडं पाहिलं, उठून आत गेला आणि चौथी आणून ठेवली.

"एवढ्या नकोत," मी म्हणाले.

"राहू द्या, बाई. चार असू द्या."

मी अर्धी खाल्ली. चव लागली नाही, त्यात भागूबाईचा दोष नव्हता.

"नाचताना तुमचा नंबर सुटला होता म्हणे," मी विचारलं.

"सुटला न्हवं, पडलाच," भागूबाई म्हणाली. "निम्मा नाच व्हायचा हुता अजून. मी उचलला आन कमरंला खवला. घरी येऊन चुलीत घातला."

"चुलीत कशाला?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. पैलवान हारातली फुलं मोजायला लागला होता. मी उठले आणि अकराची एसटी धरली.

४

बन्सीमामा देवळाली प्रवऱ्याला राहतात. आमची गाडी उसाच्या बैलगाड्यांमागून रखडत गेली. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सनईसारखं काळं वाद्य लटकत होतं. त्याला क्लॅरिनेट म्हणतात, ते मामांनीच सांगितलं.

भिंतीवर काय लिहिलंय ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"मी पैलवानाला नऊ दिलं न्हाईत," ते म्हणाले.

"कागदावर तुमच्या हातचे आहेत, मामा. निकाल वाचला तेव्हा का नाही बोललात?"

"मी हुतो कुठं? कागद दिला आन मागल्या दारानं यष्टी धरली. मेसमधी तसंच असायचं. वाजवून झालं की मागल्या दारानं निगायचं. साहेबांची पार्टी चालू ऱ्हायची, आपलं काम संपलं."

"मग नऊ कुणाला दिलेत?"

"तीन नंबरला."

"तीन नंबर म्हणजे पैलवानच, मामा."

मामा उठले. भिंतीवरचं वाद्य काढून पुसायला लागले. मला घाई नव्हती, घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं.

"बाई, एक सांगू का," शेवटी ते म्हणाले. "मी तोंडं बगितलीच न्हाईत. कुनाचीच. बँडवाल्यानं मॅडमलोकांच्या तोंडाकडं बगायचं न्हाई, असा हुकूम हुता आमाला. पयल्या वर्षी एकानं बगितलं, त्याची बदली झाली. बावीस वर्सं मी पायच बगितले. पायावरनंच ताल धरायचा. काल बी मान वर झाली न्हाई. पाय बगितले, पाठीवरचा आकडा बगितला, आन त्या आकड्याम्होरं गुन लिवले. नाव वाचलं न्हाई. वाचायचं कशाला? आकडा हुता की."

"तीन नंबरचे पाय कसे होते?"

मामांनी डोळे मिटले.

"बाईच्या पायात सपाट काळ्या चपला. लुगडं चार बोटं वर खवलेलं. दोनी घोट्यांवर काळं कडं पडल्यालं. घुंगराचा घट्टा हाय तो. धा-पंधरा वर्सं पाच-पाच शेर घुंगरू बांदल्याबिगर तसा घट्टा पडत न्हाई. एक पाऊल चुकलं न्हाई तिचं."

"आणि दोन नंबर?"

"दोन नंबरची बाई शेतातली. टाचांना भेगा. गडी मातूर लई जड. आकडा बी पडला त्याचा. चार दिले, ते बी जास्तच."

भागूबाईच्या पायाला घुंगरू कधी लागले नव्हते. तीन नंबर पाठीवर लावलेल्या माणसाबरोबर विजयमाला नाचत होती, आणि पैलवानाच्या पाठीवर होता दोन.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर चेतनचं सकाळचं बोलणं डोक्यात पोचलं. पैलवानाच्या पाठीवरचा दोन. यादीत पैलवान तीन होता. आणि तो आकडा लोंबत होता, मग पडला, ते सगळं नाचतानाच झालं. तेव्हा चेतन मागं जनरेटरशी होता. लोंबणारा दोन त्याला दिसला असेल तर तो एकाच ठिकाणी.

५

मंगळवारी सकाळी मी चेतनच्या खोलीत स्टूल ओढून बसले आणि एवढंच म्हणाले, "कॅसेट तू पाहिलीस."

त्यानं नाही म्हणून पाहिलं. आठवीत तो माझ्याकडे घरी शिकवणीला यायचा. उत्तर चुकलं की तो पेनचं टोपण चावायचा. आत्ताही चावत होता.

"रविवारी संध्याकाळी जाहिराती जोडायला लावली," तो म्हणाला. "तेव्हा दिसलं. दोघांचे नंबर बदललेले. माझ्या कागदावर जुनीच नावं. मामांचे गुण उलटे पडले. पण तोवर मिरवणूक निघाली होती, बाई. त्या पोरांना काय सांगू, गुलाल झटका म्हणून? माझी वायर अख्ख्या गावाच्या गच्च्यांवरून जाते. एका दिवसात तुकडे केले असते."

"कॅसेट कुठं आहे?"

"काल त्याच कॅसेटवर पैलवानाचा सत्कार भरला. उरलेली पुसून टाकली."

मला राग यायला हवा होता. आला नाही. आता पुरावा उरला नव्हता आणि घड्याळात पावणेदहा झाले होते.

तिथून मी पैलवानाकडे गेले.

"तुम्ही ताटात तीन वाढत नाही," मी म्हणाले. "चिठ्ठीत तुम्हाला तीन आला. तीन तिगाडा. तुम्ही विजयमालाकडून दोन घेतला."

पैलवान खाली पाहत राहिला. "तिला आण घातली हुती मी, कुनाला सांगू नगो म्हून. तिच्या बी ध्यानात न्हवतं आकड्यावरनं गुन पडत्यात ते."

"अकराला मीटिंग आहे. तिथं सांगाल?"

"लोकं हासतील, बाई."

"हसतील."

"पैलवान तिनाला भ्याला म्हनतील."

"म्हणतील."

त्याला माझ्याकडून धीराचे दोन शब्द हवे होते. माझ्याकडे नव्हते. मी शाळेकडे चालू लागले.

६

ट्रस्टच्या अध्यक्षा गोजरबाई. त्याच तिसऱ्या परीक्षक. बाई हिशेबी, पण वाईट नाही. मी सगळं सांगितलं. बन्सीमामा देवळालीहून आले होते, त्यांनी घोट्यांचं सांगितलं. विजयमाला आणि रामहरी भिंतीला टेकून उभे होते. जयमालाचा वर्ग समोरच होता आणि ती खिडकीतून इकडं पाहत होती.

"घोटे बघून निकाल फिरवायचा?" गोजरबाई म्हणाल्या. "पुरावा काय?"

तेवढ्यात दार भरून पैलवान आत आला. उभ्यानंच बोलला.

"तीन नंबर माजा हुता. मला नगं हुता. मी भ्यालो. दोन हिचा घेतला. ते नऊ हिचेच हायेत."

एक ट्रस्टी हसला. पैलवानानं त्याच्याकडं पाहिल्यावर थांबला.

गोजरबाईंनी कागद पुढं ओढला. "म्हणजे मामांचे नऊ विजयमालाला, चार पैलवानाला. बेरीज बावीस. डॉक्टर वीस." मग त्यांनी चष्मा काढला. "मी तोंडं ओळखून नावापुढं गुण लिहिले. पण बाई, तुम्ही तर समोरच बसला होतात. कुणाच्या पाठीवर कुठला नंबर, तुम्हाला दिसला नाही?"

"मला काहीच दिसलं नाही," मी म्हणाले. "मी नाच पाहिलाच नाही. डोळे उघडे होते एवढंच. तिघांना सात-सात देऊन टाकले."

हे बोलताना लाज वाटायला हवी होती. ती मात्र वाटली. चार महिन्यांत वाटलेली ती पहिली गोष्ट होती आणि ती चांगली नव्हती.

"मग तुमचे सात धरायचे कसे?" गोजरबाई म्हणाल्या. "एका परीक्षकानं पाहिलंच नसेल तर निकाल रद्द. ठरावही रद्द."

विजयमालानं भिंतीला टेकवलेला हात काढून घेतला.

"माझे सात मी मागं घेते," मी म्हणाले. "आत्ता पाहते आणि आत्ता देते."

"डॉक्टर कुठं आहेत? त्या बाळंतपणात अडकल्यात."

"त्यांना मी दहापैकी दहा धरते. तुमचे सात आणि मामांचे सहा मिळून तेरा, माझे दहा धरले तर तेवीस. याच्या वर त्या जाऊ शकत नाहीत. विजयमालाला तुमचे सहा, मामांचे नऊ, झाले पंधरा. तिला माझ्याकडून नऊ मिळाले तर चोवीस. आठ मिळाले तर बरोबरी, आणि मग तुम्ही निकाल खुशाल रद्द करा."

"पैलवान?"

"मी न्हाई," पैलवान म्हणाला.

"आणि तुम्ही नऊ देणार, हे ठरलेलंच की," गोजरबाई म्हणाल्या.

"नाही. दहापासून सुरुवात. चुकलेल्या प्रत्येक पावलाला एक वजा. मामाही मोजतील. आमच्या आकड्यात फरक पडला तर तुमचा आकडा खरा."

७

बाकं सरकवली. मामांनी पिशवीतून क्लॅरिनेट काढलं आणि मान खाली घालून वाजवायला लागले. भाऊ-बहीण हात धरून उभी राहिली. लुगडं चार बोटं वर होतं. घोट्यांवरचं काळं कडं आता सगळ्यांनाच दिसलं.

मी पाय पाहिले. एक दोन तीन, एक दोन तीन. मला सूर ऐकू येत होता, पण आत काही होत नव्हतं, म्हणून मोजणं सोपं गेलं. चौथ्या फेरीला रामहरी कोपऱ्यातल्या बाकाला अडखळला आणि विजयमालाचं पाऊल अर्धं मागं पडलं. वजा एक. तिनं ते ओळखलं. पण तिचे पाय थांबले नाहीत. त्यानंतर बारा फेऱ्या झाल्या. प्रत्येक वळणावर ती त्या बाकाजवळून गेली आणि प्रत्येक वेळी माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती पुन्हा उठली नाही.

मामांनी वाद्य खाली ठेवलं. "येक," ते म्हणाले.

"एक," मी म्हणाले, आणि कागदावर नऊ लिहिले.

गोजरबाईंनी बराच वेळ त्या नऊकडं पाहिलं. बेरीज पुन्हा केली. मग ठरावाच्या वहीत सही केली आणि वही पुढच्या ट्रस्टीकडं सरकवली.

बाहेर व्हरांड्यात विजयमाला माझ्याजवळ आली. ती अजून धापा टाकत होती.

"बाई, तुमाला आवडलं का?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. "माहीत नाही," मी म्हणाले. "सध्या मला काही आवडत नाही आणि नावडतही नाही."

"मग नऊ कसे दिले?"

"मोजून."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पदरानं नाही, हाताच्या पाठीनं पुसलं.

"आवडलं म्हून आजवर लई जनांनी दिलं, बाई," ती म्हणाली. "फेटे उडवले, नोटा फेकल्या. मोजून कुनीच दिलं न्हवतं."

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुली व्हरांड्यात आल्या. मी तिला सांगितलं, सोमवारपासून साडेदहाला यायचं, आणि मस्टर ऑफिसात डाव्या टेबलावर असतं.